बावीस ग्रॅम

दालमिलमध्ये पट्ट्यावरून डाळ वाहते,
मी खडे निवडते. अकरा वर्षं झाली.
डोळे मिटले तरी बोटांना कळतं
कोणता दाणा, कोणता खडा.

वकील मात्र निवडता येईना.

सुपडूला नेलं मंगळवारी रात्री.
जळगावच्या सराफ बाजारामागं एका कारखान्यात तो झाडलोट करतो.
झाडलेली धूळसुद्धा तिथं चाळून, पुडीत बांधून
शेठकडे परत द्यायची असते.
बावीस ग्रॅम कमी भरलं, म्हणाले.
पोलिसांनी घरात पिठाचा डबा उपडा केला
आणि सापडलं पीठ.

मिलमधली लताबाई म्हणाली, सरकार वकील देतं, फुकट.
मी म्हटलं, सरकारी वकील तर समोरून बोलतो ना,
आपल्या माणसाच्या विरोधात?
ती म्हणाली, तो वेगळा, हा वेगळा.
पैसा मात्र दोघांना सरकारचाच.
रात्रभर मला तेवढं एकच वाक्य चावत राहिलं.

रिंग रोडवरच्या वकीलसाहेबांच्या ऑफिसात
काचेचं दार, आत गारवा, भिंतभर लाल पुस्तकं.
लाडूबाईच्या पोराला त्यांनी सोडवलं होतं, हे खोटं नाही.
पाणी विचारलं. मग म्हणाले, चाळीस हजार.
निम्मे आज. जामिनाचं बघू.
"फुकटचं औषध लागू पडत नसतं, ताई."
माझ्या गळ्याकडे त्यांनी पाहिलं नाही,
मीच हात नेला तिथं.

पोत सव्वा तोळ्याची. त्याच बाजारातून घेतलेली.
म्हणजे भावानं सोनं चोरलं नाही
हे सांगायला मी सोनं मोडायचं,
आणि मोडायचं त्याच गल्लीत,
कदाचित त्याच शेठच्या काट्यावर.

कोर्टात विधी सेवेचं ऑफिस जिन्याखाली.
पंखा होता, वीज नव्हती.
उत्पन्नाचा दाखला मी पुढे ठेवला,
दोन दिवसांची रोजी बुडवून आणलेला.
कारकून म्हणाला, कोठडीत आहे ना? मग नाही लागत.
कोठडी हाच त्याचा दाखला.

वकीलबाई आल्या. रेहाना तडवी, यावलकडच्या.
बगलेत एकोणीस फायली, मी मोजल्या.
भावाचं कागदावरचं नाव हेमंत; त्या दोनदा हेमराज म्हणाल्या.
माझं मन तिथंच उठलं, चपलेत पायही घातला.
तेवढ्यात फाईलमध्ये मान घालून, माझ्याशी नव्हे,
स्वतःशीच बोलल्यासारखं त्या म्हणाल्या,
"काट्याचा पंचनामा कुठंय?
आदल्या रात्री वजन केलं कोणी?"

मी पुन्हा बसले.

शनिवारी जेलात मुलाखत. जाळीपलीकडे सुपडू,
दाढी वाढलेली, अंगात दुसऱ्याच कोणाचा शर्ट.
मी सगळं सांगितलं, काचेचं दार, जिना, एकोणीस फायली.
तो म्हणाला, "बहीन, पोत मोडू नको."
मग बराच वेळ गप्प.
मग हळूच, "पन तो मोठा वकील... लवकर सोडावस का?"
शिपायानं काठी आपटली, वेळ संपली.

सोमवारी वकीलपत्र आत गेलं सहीला,
तडवीबाईंच्या नावाचं.
हिशेब करून ठरवलं, की घाबरून,
की त्या एका प्रश्नापायी,
मला अजून सांगता येत नाही.
तारीख सोळाची आहे.

पोत गळ्यात आहे. वाकले की पुढे लोंबते,
डाळीला टेकते. उचलून पदरात खोचते.
काल एक खडा पट्ट्यावरून पुढे गेला.
मुकादमानं तळहातावर धरून दाखवला,
तेव्हा कळलं.